साळवे सरांचा जपानी स्कार्फ

गेल्या जानेवारीत, सोळा तारखेच्या शुक्रवारी, सायंकाळी पावणेसहाच्या सुमारास जपानमधील जागतिक प्रदर्शनातून आलेला एक स्काउटचा स्कार्फ नगरच्या सावेडी भागातील आमच्या घरातून बाहेर गेला. तो गेल्याचे घरच्या कर्त्या पुरुषाला आठ दिवसांनी समजले. कर्ता पुरुष म्हणजे मी.

पार्श्वभूमी अशी. मी एका स्थानिक दैनिकात एकतीस वर्षे उपसंपादक होतो. निवृत्तीनंतर लोक शेती करतात, देवदर्शनाला जातात, सोसायटीच्या निवडणुका लढवतात. मी जागतिक प्रदर्शनांतील स्काउटच्या वस्तू जमवतो. अनेक देश एकत्र येऊन सहा-सहा महिने जी अवाढव्य प्रदर्शने भरवतात, तिथे स्काउटची पथके कामाला असतात. रस्ता दाखवणे, झेंडे चढवणे, हरवलेली मुले आईबापांच्या हवाली करणे, अशी ही कामे. त्याबद्दल त्यांना बिल्ले, टोप्या, गळ्यात बांधायचे स्कार्फ मिळतात. हे सारे पुढे जगभर विखुरते आणि मी ते पत्रव्यवहार करून गोळा करतो. जगात हा छंद असलेली माणसे थोडी आहेत. नगर जिल्ह्यात एक आहे. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. संख्या तीच आहे.)

माझी पत्नी सुनंदा या संग्रहाला घरात "तुमचे बिल्ले" म्हणते. पाहुण्यांसमोर "यांचं काहीतरी असतं" एवढेच म्हणते आणि चहा ठेवायला उठते.

संग्रहात एकेचाळीस वस्तू होत्या. त्यातली तेविसावी वस्तू माझी नव्हती. ती साळवे सरांची होती. साळवे सर शाळेत आमचे स्काउटमास्तर. वय आता चौऱ्याऐंशी. अठ्ठाविसाव्या वर्षी ते एका पथकाबरोबर जपानला गेले आणि तिथल्या जागतिक प्रदर्शनाच्या फाटकापाशी आठ दिवस उभे राहून त्यांनी लोकांना रस्ता दाखवला. ("जपानी येत होतं का सर?" असे आम्ही विचारायचो. "बोट दाखवायला भाषा लागत नाही," असे ते सांगायचे.) निघताना त्यांना स्कार्फ मिळाला. सुती, चौकोनी, गर्द हिरवा, पिवळ्या किनारीचा आणि एका कोपऱ्यात पाच पाकळ्यांचे चिन्ह. बारा वर्षांपूर्वी सर तो घेऊन स्वतः माझ्याकडे आले होते. "तुझ्याकडे ठेव, दिगंबर. तुझ्याकडे सुरक्षित राहील," म्हणाले. माझ्याबद्दल इतका विश्वास आजवर कोणी दाखवलेला नाही. आता दाखवणारही नाही.

यंदा सव्वीस जानेवारीला शाळेच्या जुन्या स्काउटांनी मैदानावर एकत्र यायचे ठरवले. झेंड्याला पहिली सलामी साळवे सरांनी द्यायची आणि नंतर सभागृहात माझा संग्रह मांडायचा. डॉक्टरांनी सरांना फार वेळ उभे राहायला मनाई केली होती. सरांनी दहा मिनिटे मागून घेतली. आमच्याकडे त्यांचे एकच मागणे होते.

"त्या दिवशी माझा स्कार्फ मला दे. त्याच्याशिवाय सलामी द्यायची नाही."

"सर, निर्धास्त राहा," मी म्हणालो.

चोवीस तारखेच्या शनिवारी सकाळी मी स्कार्फ काढायला गेलो. तो संग्रहाच्या ट्रंकेत नव्हता. तिथे नसणार हे मला माहीत होते, कारण मीच तो हलवला होता. जुन्या कापडाला डांबराच्या गोळ्यांचा वास बाधतो, ते सुती कापडांच्या चळतीत सपाट ठेवावे, असे माझ्या वाचनात आले होते. आमच्या घरात सुती कापडांची चळत एकच आहे. मी स्कार्फला हलकी इस्त्री केली, त्याची चौकोनी घडी घातली, पारदर्शक पिशवीत ठेवला आणि पिशवी त्या चळतीवर ठेवून वहीत नोंद केली: "वस्तू क्र. २३ स्थलांतरित. नवी जागा अत्यंत सुरक्षित."

"सुनंदा, तुझ्या कपाटातला माझा स्कार्फ कुठाय?"

"माझ्या कपाटात तुमचा स्कार्फ कशाला येईल?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"मी ठेवला होता."

"कुठं?"

"ब्लाउजपीसांवर."

मग कणकेचे हात तसेच घेऊन सुनंदा दारात आली.

"संक्रांतीच्या महिन्यात? ब्लाउजपीसांवर?"

इथे परिस्थितीचे गांभीर्य सांगायला हवे. आमच्याकडे ब्लाउजपीस ही शिवायची वस्तू नाही, द्यायची आहे. तो हळदीकुंकवाला येतो, कपाटात थोडा विसावतो आणि पुढच्या बाईच्या ओटीत निघून जातो. संक्रांत ते रथसप्तमी या काळात ब्लाउजपीस जिल्ह्यात ज्या वेगाने फिरतात, त्या वेगाने एसटीसुद्धा फिरत नाही!

मी चौकशी हाती घेतली. कोण, काय, कधी, कुठे. वीस मिनिटांत माझा निष्कर्ष तयार होता: सुनंदाने न पाहता स्कार्फ कोणाच्या तरी ओटीत घातला. तो मी तिला वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकून घेतला आणि हात पुसले.

"गेल्या शुक्रवारी राहुरीची नलूमावशी आली होती ना?"

"हो." (नलूमावशी म्हणजे सुनंदाची सख्खी मावशी.)

"तिची गाडी सुटत होती. मी तिचा डबा भरत होते. तेव्हा मी तुम्हाला काय सांगितलं?"

मला आठवू लागले. "कपाटातला वरचा ब्लाउजपीस आणा, असं."

"मग?"

"मी वरचा आणला."

"आणि बघितलात का, काय आणलं ते?"

मी बघितले नव्हते. त्या वेळी मी मोबाईलवर शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याला हा स्कार्फ किती दुर्मिळ आहे, हे समजावून सांगत होतो.

नलूमावशीला फोन करावा, असे मी सुचवले. सुनंदाने माझ्याकडे पाहिले.

"ओटीत घातलेलं फोनवर परत मागतात? माहेरचं माझं काही शिल्लक ठेवणार आहात का नाही? तोंड दाखवून, हात जोडून मागायचं. उद्या सकाळी निघायचं."

उद्या म्हणजे पंचवीस तारीख, रविवार, रथसप्तमी. हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. त्यामुळे आम्ही ज्या घरात शिरलो, तिथे बायका भरलेल्या होत्या आणि पुरुष मी एकटा होतो.

राहुरीत नलूमावशींच्या ओसरीवर दहा जणी बसल्या होत्या.

"अगं बया! जावईबापू हळदीकुंकवाला!" मावशी म्हणाल्या. "या, बसा. कुंकू लावू का?"

"मावशी, त्या दिवशी मी तुम्हाला ब्लाउजपीस दिला होता..."

"दिला की. आता त्याची पोच पायजे व्हय? तुमी पेपरवाले, काय बी मागाल."

दहा जणी हसल्या. सुनंदा मध्ये पडली. "मावशी, यांच्याकडून चुकून दुसरंच कापड दिलं गेलं गं."

"मला वाटलंच! लई जाड कापड. म्या म्हनलं, भाचीनं गादीच्या खोळीचं कापड आपल्याला दिलं. पर म्या कुनाला बोलले न्हाई, बरं का."

(दहा जणींनी माना डोलावल्या. ही माहिती सर्वांना होती.)

"मग ते कापड कुठंय मावशी?"

"संगमनेरच्या विहिणीला दिलं. मागल्या साली तिनं मला असलंच कायतरी दिलं हुतं. म्हनलं, जाऊ दे तिच्याकडं."

निघताना सुनंदाची ओटी भरण्यात आली. मोटारीत बसल्यावर तिने नवा ब्लाउजपीस उलटापालटा करून पाहिला.

"हा माझाच आहे," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी मीच मावशीला दिला होता. ही घडी माझी आहे."

संगमनेरला नलूमावशींच्या विहीणबाई, उषाताई, निवृत्त शिक्षिका होत्या. तिथे पंधरा जणी होत्या. मी सर्व हकीकत मुद्देसूद सांगितली. उषाताईंनी कपाटातून एक वही काढली. कोणाचा ब्लाउजपीस चुकून त्यांनाच परत जाऊ नये, म्हणून त्या प्रत्येकाची नोंद ठेवतात.

"राहुरी. अठरा तारीख. हिरवा, पिवळा काठ, फूल एक," त्यांनी वाचले. "वीस तारखेला दिला. हौसाबाईंना."

जिल्ह्यात माझ्याखेरीज आणखी एक नेटकी नोंदवही आहे, हे पाहून मला भरून आले. तसे मी म्हणणार होतो, पण सुनंदाने पुढचा प्रश्न विचारला.

"हौसाबाई कोण?"

"भंडारदऱ्याच्या. आम्हाला तांदूळ आणून देतात. पर्यटकांना जेवण करून घालतात, तोही उद्योग आहे. पण तुम्ही लवकर निघा हो. त्या बाईंचं एक निराळं आहे."

"काय?"

उषाताईंनी आवाज खाली आणला. "त्या शिवतात."

"म्हणजे?"

"मिळालेला ब्लाउजपीस त्या शिवतात. पुढे देत नाहीत. लगेच शिवून अंगात घालतात. आमच्या ओळखीत अशी तेवढी एकच बाई आहे."

पंधरा जणी चुकचुकल्या. सुनंदा जागची उठली. तिची ओटी उभ्याउभ्याच भरण्यात आली.

अकोल्याच्या पुढे घाट लागला. मी मोटार चालवत होतो आणि मनात सरांपुढे करायच्या निवेदनाचे मसुदे तयार करत होतो. तीन झाले. "स्कार्फचे स्थलांतर झाले असल्याचे समजते" असा एक होता. "घडल्या प्रकाराबद्दल हळहळ व्यक्त होत आहे" असा दुसरा. तिसरा मी सुनंदाला ऐकवला.

"यात तुम्ही कुठं आहात?" ती म्हणाली.

चार वाजता आम्ही भंडारदऱ्याला पोहोचलो. धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला हौसाबाईंचे घर होते. बाहेर "घरगुती जेवण मिळेल" अशी पाटी होती. वस्तू क्रमांक तेवीस आम्हाला अंगणातच दिसली. ती भाकरी थापत होती.

हौसाबाई साठीच्या, काटक, पाठमोऱ्या बसलेल्या. पाठीवर दोन्ही खांद्यांच्या बरोबर मध्ये जपानच्या जागतिक प्रदर्शनाचे पाच पाकळ्यांचे चिन्ह होते.

"किती जन जेवायला?" त्यांनी न वळताच विचारले.

या वेळी सगळे सुनंदानेच सांगितले. हौसाबाई ऐकता ऐकता वळल्या आणि स्वतःच्या बाहीकडे पाहू लागल्या.

"जपानचं हाय? मंग बरुबर. दोनदा धुतलं, तरी रंग सुटला न्हाई."

"धुतलं?" मी म्हणालो.

"मंग? तसंच घालू व्हय अंगात? लोकाच्या कपाटातलं!"

(असे कापड कधीही पाण्यात घालू नये, असा संग्राहकांचा पहिला नियम आहे. तो मी तिथे सांगितला नाही.)

"सुरेखे!" त्यांनी घरात हाक मारली. "हिकडं ये. ह्यो उसवून द्यायचा हाय."

शिलाईच्या यंत्रावरून सून उठून आली. तिने आमच्याकडे पाहिले, सासूकडे पाहिले. "आत्याबाई, उसवून काय हुनार? नऊ तुकडे हायेत."

तव्यावरची भाकरी करपू लागली. सुरेखाने ती उलटली.

"कुनाचं हाय म्हनालात हे?" हौसाबाईंनी विचारले.

"आमच्या सरांचं."

"म्हातारं हायेत?"

"चौऱ्याऐंशी."

"आन् पायजे कवा?"

"उद्या सकाळी. आठ वाजता झेंडा आहे. त्याच्याशिवाय ते सलामी देणार नाहीत."

हौसाबाई हात धुऊन आत गेल्या. दहा मिनिटांनी बाहेर आल्या तेव्हा पायांत चपला होत्या, काखेत पिशवी होती.

"चला."

"कुठं?"

"सरांकडं. कापड माझ्या अंगावर हाय, तर सांगायला मीच नको व्हय? तुमी काय सांगनार त्यास्नी?"

माझ्याकडे तीन मसुदे होते. मी मोटारीचे दार उघडले.

सव्वीस तारखेला सकाळी साडेसातला शाळेच्या मैदानावर साठ-पासष्ट जुने स्काउट जमले होते. सर खुर्चीवर बसले होते. खाकी विजारीला कडक इस्त्री, पांढरा सदरा, कॉलर उलटी करून गळा मोकळा ठेवलेला. काठी एका बाजूला.

"आण," सर म्हणाले.

"सर, असं झालं की..." मी सुरुवात केली. पहिला मसुदा आठवेना. दुसरा आठवला तो अर्धाच. "घडल्या प्रकाराबद्दल सर्वत्र..."

"सरा भाऊ, राम राम," हौसाबाई पुढे झाल्या. "तुमचा रुमाल हितं हाय. मला ठावं नव्हतं, म्या शिवला. ह्यांचा काय दोष न्हाई." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि दुरुस्ती केली. "हाय थोडा."

आणि त्या पाठमोऱ्या झाल्या. सरांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि बराच वेळ पाहिले.

"शिलाई कोणाची?"

"सुनंची."

"फूल बरोबर मधोमध आलंय."

"तिला तेवढं जमतंय."

सरांनी चष्मा काढला. "दिगंबर, हा मी तुझ्याकडे का दिला, माहीत आहे?"

"सुरक्षित राहावा म्हणून, सर."

"आमच्या मार्थापासून." मार्थाबाई, सरांच्या पत्नी, चार वर्षांपूर्वी गेल्या. "मी जपानहून आलो, पेटी उघडली आणि तिनं पहिलं काय मागितलं असेल तर हे. म्हणाली, याचा ब्लाउज काय सुंदर होईल! मी सांगितलं, हा शिवायचा नसतो. चाळीस वर्षं दर नाताळला मागायची. चाळीस वर्षं मी लपवायच्या जागा बदलत होतो. शेवटी घरात जागा उरली नाही, म्हणून तुझ्याकडे आणला."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"शिवायला हवा होता," सर म्हणाले. मग पुन्हा एकदा हौसाबाईंच्या पाठीकडे पाहत म्हणाले, "सुंदरच झाला असता."

हौसाबाईंनी पिशवीत हात घातला. स्कार्फची पिवळी किनार सुरेखाने कापून बाजूला ठेवली होती. ती लांबलचक पट्टी त्यांनी सरांपुढे धरली. "येवढंच उरलंय. चालंल का?"

सरांनी पट्टी घेतली, गळ्यात घातली आणि पुढे गाठ मारली. गाठ पहिल्याच प्रयत्नात बसली. (गाठींच्या परीक्षेत मी दोनदा नापास झालो होतो. परीक्षक सरच होते.) मग त्यांनी स्काउटच्या रिवाजाप्रमाणे हौसाबाईंपुढे डावा हात केला.

"अवं, डावा न्हाई! उजवा द्या!" हौसाबाई दचकून मागे सरल्या.

"आमच्यात डावाच देतात."

"तुमच्यात म्हंजी किरिस्तावांत?"

"स्काउटांत."

हौसाबाईंनी क्षणभर विचार केला, पदराने आपला डावा हात पुसला आणि पुढे केला.

आठ वाजता झेंडा चढला. सर काठीशिवाय उभे राहिले, तीन बोटे कपाळाशी नेली आणि डॉक्टरांनी दिलेल्या दहापैकी नऊ मिनिटे उभे होते.

नंतर सभागृहात माझा संग्रह पाहायला लोक आले. चाळीस वस्तू टेबलांवर होत्या. तेविसाव्या चौकटीत फक्त माहितीची चिठ्ठी होती. तिच्यासमोर कोणी थांबले की हौसाबाई खुर्चीवरून उठून पाठमोऱ्या होत आणि लोकांचे पाहून झाले की पुन्हा बसत. साडेदहापर्यंत त्यांच्यापुढे रांग लागली. उरलेल्या चाळीस वस्तूंबद्दल दिवसभरात एकच चौकशी झाली. ती पंख्याच्या बटणाबद्दल होती.

दुपारी सुनंदाने हौसाबाईंची ओटी भरली आणि आदल्या दिवशी जमलेले दोन्ही ब्लाउजपीस त्यांना दिले. ते दोन्ही शिवून झाल्याचे सुरेखाने पुढच्याच आठवड्यात फोनवर कळवले.

सरांकडे त्या प्रदर्शनाची आणखी एक वस्तू आहे, हे मला फेब्रुवारीत समजले. ती पितळी शिट्टी आहे. आपल्या पश्चात ती नीट राहावी, म्हणून सर ती घेऊन रिक्षाने आमच्या घरी आले. मी दार उघडले आणि हात पुढे केला. सरांनी सुनंदाला बाहेर बोलावले आणि शिट्टी तिच्या हातात दिली. ती घरात कुठे ठेवली आहे, याबाबत मला अद्याप अधिकृत माहिती मिळालेली नाही.